तिसऱ्या खुर्चीमागची खिडकी

हालदिस मार्गरेता म्यूरवांग. जन्म १९६१, मृत्यू २०१९. व्यवसायाने परिचारिका. आयुष्याचा मोठा भाग तिने उत्तर नॉर्वेच्या आमच्या किनाऱ्यावरील रुग्णालयात, बरे होण्याची आशा संपलेल्यांच्या कक्षात काढला. अखेरची दोन वर्षे ती डायलिसिस कक्षात होती. मी निवृत्त मुख्याध्यापक असून मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून याच कक्षातील चौथ्या खुर्चीत बसतो. पुढील हकिकत मी स्वतः पाहिलेली आहे. जे पाहिले नाही, तेथे तसे नमूद केले आहे.

ती बदली घेऊन आली, तेव्हा तिसऱ्या खुर्चीतल्या ऐलिफने तिला पहिल्याच दिवशी छेडले. ऐलिफ हा आमच्याच बेटावरचा म्हातारा कोळी.

"तिकडचं गिऱ्हाईक परत येत नाही म्हणून आलीस का गं इकडे?"

"तेच की," ती हसून म्हणाली. "इथं सोमवारी गेलेला माणूस बुधवारी शिव्या देत परत येतो. मला आणखी काय हवं?"

नवे काम तिला सहज जमले नाही. आम्हा रुग्णांच्या दंडात शस्त्रक्रियेने दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. तेथे तळहात ठेवला की मांजर गुरगुरावे तशी थरथर जाणवते. ती थरथर चालू आहे याची खात्री करूनच सुया टोचतात. ऐलिफच्या दंडावर प्रथम हात ठेवताच हालदिसने तो मागे घेतला.

"काय झालं? चावला का?" ऐलिफने विचारले.

"इतकी वर्षं हात ठेवायचे ते थांबलंय का बघायला," ती म्हणाली. "चालू असलेलं बघायची सवय नाही हाताला."

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या खोलीची खिडकी उघडतात. परिचारिका त्याला हवा खेळती ठेवणे म्हणतात. न्यायला येणाऱ्याला आणि जाणाऱ्या आत्म्याला वाट हवी, हे खरे कारण मुलांनाही ठाऊक असते. डायलिसिस कक्षात मात्र खिडकी कधीच उघडत नाहीत. रक्त नळ्यांतून बाहेर फिरून येते, आणि आम्ही सगळे घोंगड्यांत कुडकुडत असतो.

जानेवारीतली दुपार होती. त्या महिन्यात दुपारीही बाहेर निळसर काळोखच असतो. ऐलिफ झोपला होता. हालदिस घोंगड्या घेऊन जात असताना मध्येच थांबली. घोंगड्या खाली ठेवल्या, तिसऱ्या खुर्चीमागे गेली, कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. मग दोन्ही हात पुढे जुळवून, मान खाली घालून उभी राहिली.

गार वाऱ्याने ऐलिफला जाग आली. त्याने आधी खिडकी पाहिली, मग तिला.

"मी अजून आहे गं," तो म्हणाला.

कोणीही हसले नाही. हालदिस आपल्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे पाहत राहिली. खिडकी शेवटी मीच हाक मारल्यावर तिने लावली.

पुढच्या खेपेला ऐलिफ आला नाही. आमच्या दुखण्यात एक खेप चुकली तर पाणी छातीत चढते. आणखी चुकल्या तर विषय संपतो. त्याच संध्याकाळी हालदिस माझ्याबरोबर फेरीबोटीने बेटावर आली. ऐलिफ स्वयंपाकघरात सुजलेले पाय घेऊन बसला होता.

"चला, ऐलिफ. मशीन तयार ठेवायला सांगते."

"कुणासाठी? माझी खिडकी उघडून झाली ना?"

"सवयीनं झालं ते."

"सवयीनं? बरं. तिकडे कधी उघडायचीस? माणूस गेल्यावर, की आधी?"

तिने वाकून त्याचा सुजलेला घोटा दाबून पाहिला.

"सुरुवातीला माणूस गेल्यावरच उघडायचे. शेवटी शेवटी मात्र हात अगोदरच जायला लागला. म्हणून तर तो वॉर्ड सोडला."

"आणि चुकला कधी?"

"नाही."

"ऐकलंत, मास्तर?" ऐलिफ धापा टाकत म्हणाला. "खोटं बोलायला तरी शिकवा हिला."

"ऐका माझं," हालदिस त्याच्यासमोर बसली. "खिडकी खुर्चीमागची आहे, तुमच्या नावाची नाही. उद्या तुम्ही पाचवीत बसा. तिसरीत मी बसते, खिडकी उघडी ठेवून. ज्याला यायचंय तो खुर्ची बघून येईल."

"वेड लागलंय का तुला? अगं, माझं सगळं जगून झालंय."

"मग बूट कुठे आहेत ते सांगा. आजची रात्र रुग्णालयातच काढा, बोट थांबायची नाही."

तो शिव्या देत बूट शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. तरी ती आली, कोट न काढता तिसऱ्या खुर्चीत बसली आणि खिडकी उघडली. मुख्य परिचारिका एकदा ओरडली. नंतर का कोण जाणे, दार लावून निघून गेली. बाहीवर हिम साचत होते, हालदिस ते झटकत नव्हती. ऐलिफचे रक्त नळ्यांतून फिरत होते आणि तो तिच्यावरची नजर काढत नव्हता. मध्येच तिने, जवळ कोणी वाकून बोलत असावे तशी, मान किंचित वर केली. तिचे ओठ हलले.

सुया काढल्यावर मी विचारले, "कुणाशी बोललीस?"

"त्यानं नाव विचारलं. माझं सांगितलं," ती म्हणाली, आणि खिडकी लावून घोंगड्या आवरू लागली.

त्याच वर्षी, पानगळीत, हालदिस झोपेत गेली. डॉक्टरांनी हृदयाचे कारण दिले. ते खरे असेल. मी त्यातला जाणकार नाही. तिचा मृत्यू मी पाहिला नाही. निरोप मिळून सकाळी मी आणि ऐलिफ पोहोचलो तेव्हा घराच्या सर्व खिडक्या आतून बंद होत्या. तिची बहीण तूरबोर्ग म्हणाली, "कुणीतरी उघडा. माझ्यानं होत नाही."

ऐलिफ उठला. खिडकी उघडून तिथेच उभा राहिला. खोली गारठून गेली.

"बस झालं की आता," तूरबोर्ग म्हणाली.

"थांब जरा. वाट बघत बसली असेल बिचारी, रात्रीपासून."

तिसऱ्या खुर्चीमागची खिडकी रुग्णालयाने स्क्रू मारून बंद केली. त्या खुर्चीत नवे रुग्ण बसतात; त्यांना काही सांगू नये असे आम्ही जुन्यांनी ठरवले आहे. हालदिसच्या थडग्याची देखभाल ऐलिफ करतो, आणि तूरबोर्गची त्याला संमती आहे. तो अजून आठवड्यातून तीनदा येतो, पाचव्या खुर्चीत बसतो.

बोटीवर एकदा मी त्याला विचारले, की ती तुझ्या खुर्चीत बसली त्याबद्दल तिला कधी काही बोललास का.

"बोलणार होतो," तो म्हणाला. "दर खेपेला समोर असायची हो, मास्तर. राहून गेलं."