मुकी लंगडी

सुरतच्या नवागामातली आमची गल्ली दुपारी दोन ते चार बायकांची असायची. रात्रपाळी करून आलेले पुरुष घराघरांत झोपलेले, मुलं शाळेत, आणि गल्लीच्या टोकाला खात्यातली, म्हणजे लूमच्या कारखान्यातली, अखंड खटखट. हवेत धाग्यांचा बारीक भुगा तरंगत असायचा. त्या भुग्यातून आम्ही चार-पाच बायका एका पायावर उड्या मारत जायचो, जराही आवाज न करता.

कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कधी कधी मलाच वाटतं, मी हे झोपेत तर नाही ना पाहिलं?

मी धुळ्याकडची. शाळेत असताना लंगडीत माझा पाय टेकवून दाखवायची मुली पैज लावायच्या. लग्न होऊन सुरतेला आले आणि दोन्ही पाय टेकले ते टेकलेच. दहा बाय दहाची खोली, साड्यांचे सुटे धागे कापायचं घरबसल्या काम, आणि जरा मोठ्यानं हसलं तरी सासूबाईंचं ठरलेलं वाक्य, "हळू! माणूस जपेल शे." माणूस झोपलाय. संध्याकाळी मैदान पोरांच्या क्रिकेटचं. तिकडे एखादी बाई नुसती फिरकली तरी पोरं खेळ थांबवून बघत राहायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्या नशिबी वाकडंसुद्धा अंगण नव्हतं.

एकदा मी सासूबाईंना विचारलं, "एवढ्या खटखटीत आमचा आवाज कुणाला जाणार?"

"लूमना आवाज त्याना वळखना शे," त्या म्हणाल्या. "बाईना आवाज येगळा."



मग सासूबाई दुपारी भजनाला गेल्या की आमची मुकी लंगडी सुरू व्हायची. कल्पना शेजारच्या अकोल्याच्या वहिनींची. "हाताची घडी, तोंडावर बोट अन् एक पाय वर," असं त्या कुजबुजत सांगायच्या. बाद झाली की ओरडायचं नाही, जिला हात लागला तिनं गुपचूप खाली बसायचं. हसू आलं तर पदर तोंडात कोंबायचा. पैंजण काढून ठेवले तर सासूबाईंच्या डोळ्यांना मोकळे पाय लगेच दिसणार, म्हणून साड्यांचे कापलेले धागे घुंगरांभोवती गच्च गुंडाळायचे. खेळ संपला तरी ते तसेच राहायचे. विचारलं तर सांगायचं, पैंजणानं पाय सोलवटतो.

अशी चार वर्षं गेली. ते दोन तास कुणी काढून घेतले असते तर माझं काय झालं असतं, कोण जाणे. एरवी दिवसभर हे अंग मला फक्त दुखताना कळायचं. लंगडी घालताना मात्र ते माझं वाटायचं, हलकं, शाळेतलं.

एका उन्हाळी दुपारी राज्य माझ्यावर होतं. वहिनी माझ्यापासून हातभर पुढे. तेवढ्यात लाइट गेली आणि खटखट थांबली. गल्ली एकदम इतकी शांत झाली, की माझ्या तळव्याची थप थप मलाच मोठी वाटली. मी एका पायावर जागीच थांबले. आमचं दार उघडलं. हे दारात उभे, बनियनवर, डोळे चोळत. आणि त्या दिवशी भजन लवकर आटोपून सासूबाई नेमक्या गल्लीत शिरत होत्या.

मला वाटलं, संपलं. उद्यापासून पुन्हा चार भिंती.

"देख, उठाडी दिधं ना माणूसले!" सासूबाई म्हणाल्या.

यांनी कानामागे हात धरला. सासूबाईंनी तेच पुन्हा, अगदी ओरडून सांगितलं.

"हिनाघाई नही उठनू," हिच्यामुळे नाही उठलो, असं हे म्हणाले. "माले कोठे आयकू येस आते? खटखट बंद पडनी, म्हनीसन जाग उनी."

पंधरा वर्षं लूमवर गेली होती त्यांची. कान कधीचेच गेले होते; खटखट त्यांना कळायची ती जमिनीच्या थरथरीतून. मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, चारदा हाक मारायचे, टीव्हीचा आवाज वाढवून द्यायचे. तरी माझ्या डोक्यात हे आलं नाही. झोपलेला माणूस म्हणजे ऐकणारा माणूस, असंच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. मला त्यांची दया आली, आणि स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं मी माझं हसू पदरात कोंबत होते.

लाइट आली. खटखट सुरू झाली. यांनी जांभई दिली, माझ्या वर उचललेल्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाय टेकू नको, बाद हुई जाशी." मग आत जाऊन आडवे झाले.

सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तरी बी, लोके काय म्हनतीन?"

मी पाय टेकला. घरातून धागे कापायची कात्री आणली, उंबऱ्यावर बसले आणि त्यांच्यासमोरच पैंजणांवरचे सगळे धागे कापून टाकले. मग पाय उचलला, वहिनींना गाठलं आणि पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "बाद!"

घुंगरं वाजत होती. आत हे घोरत होते.