माकडटोपी

नागपूरचे निवृत्त एसटी कंडक्टर मोरेश्वरकाका अमेरिकेत बेलव्ह्यूला लेकीकडे राहायला आले आणि जुन्या काऊबॉय मालिकांच्या नादी लागले. इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण एक भाग त्यांना पाठ होता. गावात आलेल्या साध्या टोपीविक्याला मिशांवरून लोक दरोडेखोर समजतात आणि त्याच्यावर बंदुका रोखतात. काका मांडीवर थाप मारून हसायचे. "काय येडे लोकं आहेत बे!"

नोव्हेंबरात एका सकाळी ते माकडटोपी घालून फिरायला निघाले. नुसते डोळे दिसत होते. परतताना सगळी घरं सारखीच वाटली, म्हणून एकेका दाराशी वाकून नंबर वाचू लागले. कोणीतरी पोलीस बोलावले. पोलीस काहीतरी ओरडला. लेकीने लिहून दिलेली पत्त्याची चिठ्ठी काढायला काकांनी खिशात हात घातला, तसं त्याने पिस्तूल रोखलं.

"बाबा, हात बाहेर काढा! वर करा!" लेक हिमानी अनवाणीच धावत आली.

सगळं उलगडल्यावर पोलीस टोपीकडे बघून हसला आणि सॉरी म्हणून गेला. काकांचं फिरणं त्या दिवसापासून सुटलं.

आठवड्याने तोच भाग लागला. जावई म्हणाला, "बाबा, तुमचा एपिसोड!" शेवटी टोपीविक्या सुटला, त्याच्यासकट अख्खं गाव हसलं.

"तो काहून हसून राहिला?" काकांनी विचारलं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. हिमानी उठली. काकांनी स्वेटरच्या खिशांतून दोन्ही हात काढले आणि मांडीवर उघडे ठेवले.