नकाशात नसलेली पालं

जुबेदाआपा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कार्यालयात पडद्यावर नकाशा उघडून बसलो होतो. त्यांची मुलगी सलमा म्हणाली, "सर, अम्मी गेली." जनाज्याला मागं उभा राहून परतलो. घरात जायचा धीर झाला नाही... त्याला महिना झाला.

आपा आमच्या आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका आणि मी लसीकरणाचे संगणकावरचे नकाशे करणारा. आम्ही एकत्र काम केलं त्या दुष्काळी वर्षांत शहर चहूबाजूंनी पसरत होतं. उपग्रहाच्या चित्रातली छपरं मोजायची आणि त्यावरून पथकं वाटायची, ही माझी रीत. आपा पाण्याच्या टँकरमागं चालायच्या. टँकरपुढं जेवढे ड्रम, तेवढ्या चुली, हा त्यांचा हिशेब. ताडपत्रीच्या पालांना दारं नसतात, म्हणून लस दिल्याची खूण त्या खडूनं ड्रमवरच करायच्या.

गोवरच्या मोहिमेआधी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सर, खदानीच्या मागं कन्नड तालुक्यातले मेंढरंवाले उतरलेत. लई लेकरं हायेत."

"चित्रात तर मोकळं रान दिसतंय, आपा."

"आभाळातून ताडपत्री अन् माती एकच दिसती. जरा खाली उतरा की."

मी हसलो. नकाशा वरिष्ठांनी आदल्याच दिवशी मंजूर केला होता. एक वस्ती वाढवायची तर सगळी पथकं पुन्हा वाटावी लागली असती. नंतर टाकू, म्हणालो. टाकली नाही.

पथक तिथं गेलंच नाही. काही आठवड्यांनी त्या पालांत गोवर पसरला आणि चार वर्षांची एक मुलगी गेली. चौकशीत साहेबांनी विचारलं, ही वस्ती कुणी कळवली नव्हती का? आपा समोरच बसल्या होत्या. त्यांनी तोंडी सांगितलेलं, कागद काही नव्हता... हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "आपांकडून काही आलं नाही."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. बैठक संपताच लशीचा डबा उचलून निघाल्या. जिन्यात मी आडवा आलो, तर म्हणाल्या, "इथं भांडत बसले तर तिथली बाकीची लेकरं कोण बघणार? व्हा बाजूला."

त्यांना नोटीस मिळाली, पैठणकडं बदली झाली. निवृत्तीपर्यंत एसटीनं जाऊन-येऊन करत राहिल्या. मी ती पालं नकाशात भरली, नकाशाचं कौतुकही झालं. माफी मात्र मागितली नाही.

परवा शेवटी त्यांच्या घरी गेलो. सलमानं चहा ठेवला आणि कपाटातून ती नोटीस काढली. सोबत टाचलेला खुलाशाचा कागद कोरा होता.

"सर, तुम्ही तिथंच होता ना? अम्मीनं खरंच कळवलं नव्हतं? केंद्रात लोक अजून म्हणतात, तिच्यामुळं लेकरू गेलं."

"कळवलं होतं," मी म्हणालो. "मला. मीच खोटं बोललो."

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मला एकटीला सांगून काय होणार? लिहा. सगळ्यांनी वाचावं असं."

लिहिलं आहे. तो खुलासा आपांनी द्यायचा नव्हताच. तो माझा होता.