फैलक्यावरची प्रदक्षिणा

चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं येईल. तेवढं चालवून घ्यावं. आज शेजारची जुनी भिंत पाडली. चुन्याचा कोरडा वास आला आणि कुवेतमधली एलिअम्मा आठवली.

नव्वद साली मी फैलका बेटावर एका अरबी घरात स्वयंपाकाला होते. तिथल्या दवाखान्यातली केरळची नर्स एलिअम्मा, माझ्याशी बोलणारी तेवढी एकच. तिची शहरात बदली होणार असं कानावर आलं होतं. एका शुक्रवारी तिनं मला वाळूतून खणून काढलेलं हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं चर्च दाखवायला नेलं. गुडघाभर उंचीची चुन्याची चौकोनी भिंत, वर नुसतं आभाळ.

मी विचारलं, “भगवान किधर बैठता था?”

“हमारा भगवान बैठता नहीं, दीदी!” ती हसली.

देवाची जागा म्हणून मी चपला काढल्या आणि भिंतीभोवती प्रदक्षिणा घालू लागले.

“अरे, चर्च को चक्कर नहीं मारते, पागल!”

मी थांबले नाही. हिची बदली होऊ नये, एवढंच मागत होते. वाळू चटके देत होती. वळून पाहिलं तर तीही अनवाणी, पांढरे बूट हातात धरून, माझ्यामागे चालत होती.

बदली झालीच. ऑगस्टात इराकचं सैन्य आलं, बेट रिकामं झालं, ती पुन्हा कधी भेटली नाही. देवानं ऐकलं नाही, असं मी बरीच वर्षं म्हणायचे. आता वाटतं, त्या परक्या मुलखात माझ्यासाठी पाय भाजून घेणारं एक माणूस तरी होतं.