बघूमास्तरची पागोटी

आष्टीच्या सरकारी मदरशात, तेव्हा शाळेला मदरसाच म्हणायचे, एक ड्रॉइंग मास्तर होता. त्याला काहीही विचारा, तो आधी छताकडे बघायचा, मग स्वतःच्या बोटांकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "बघू." मास्तर, जेवायला येता का? बघू. मास्तर, उद्या शाळा आहे का? बघू. नगरहून येताना करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायाने नाव विचारलं, तेव्हाही तो क्षणभर थांबला होता म्हणे. मी तिथं नव्हतो, पण माझा विश्वास आहे. गावाने त्याचं नाव बघूमास्तर ठेवलं, आणि त्याने त्यावरही हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला आधी काहीतरी ठरवावं लागतं.

मी कापडाचा व्यापारी. नगरहून कोरं कापड आणायचं, आष्टीत रंगवून घ्यायचं आणि बाजारोबाजार विकायचं, हा माझा धंदा. सुरुवात डोक्यावरच्या गाठोड्यापासून केली. बापाने मागे फक्त नाव ठेवलं होतं, आणि तेही कोणी घेत नसे. म्हणून मला ठरलेली गोष्ट आवडते. भाव होईपर्यंत मी घसा फुटेस्तोवर भांडेन, उठून जाईन, पुन्हा येऊन बसेन. पण एकदा ठरलं की ठरलं. अशा माणसाच्या दुकानाला लागूनच या मास्तरला भाड्याची खोली मिळावी, यात मला देवाचा खोडसाळपणा दिसतो.

मदरशात तो पोरांना नकाशे काढायला शिकवायचा. घरी आल्यावर मात्र ओल्या कागदावर शाईचा थेंब टाकायचा आणि तो कुठं कुठं पसरतो ते बघत बसायचा. चांगला शिकलासवरलेला, धडधाकट माणूस! एकदा न राहवून मी विचारलं, "मास्तर, हे काय काढलं?"

"अजून ठरलं नाही."

"ठरवणार कोण?"

"शाई आणि पाणी. दोघं मिळून."

"आणि पगार कोण घेतं?"

"तो मी घेतो," मास्तर म्हणाला. हे एवढंच त्याने न थांबता सांगितलं.

हा रोग त्याच्या खोलीपुरता राहता, तर मी हसून सोडून दिलं असतं. पण खोलीमागेच रशीदचाचांचं रंगाऱ्याचं अंगण होतं. माझी सगळी रंगाई चाचांकडे. करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग त्यांच्यासारखा नगरातही कोणी काढत नसे. कापडाची कितीही थानं द्या, सगळी एका आईची वाटायची. त्याच भरवशावर मी एका बड्या जमीनदाराला शब्द दिला होता. त्याच्या मुलाचं लग्न होतं, आणि वरातीतल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर एकाच रंगाचं कुसुंबी पागोटं हवं होतं. "सूतभर बी फरक दिसला तर माल वापस," जमीनदार म्हणाला. मी म्हणालो, "फरक दिसला तर माझं नाव बदला."

उन्हाळा होता. गोड्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता. चाचा थांबणार होते. लांबच्या मळ्यातून पाणी आणू, म्हणत होते. तेव्हा बघूमास्तर भिंतीवरून डोकावला. "चाचा, या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात काय होईल?" चाचा म्हणाले, "अल्ला जाने." मास्तर म्हणाला, "एक पागोटं बुडवून बघू." एक बुडवलं. ते काही निराळंच निघालं. मग दुसरं थोडं जास्त वेळ. मग तिसऱ्याला, रंग पकडायला घालतात ते चिंचेचं पाणी जास्त. दोन मोठी माणसं माझ्या कापडावर दिवसभर पोरांसारखी खेळत बसली.

मी गेलो तेव्हा अंगणात दोरीवर सगळी पागोटी वाळत होती. एक गुलाबी, एक विटकरी, एक अर्धं पिवळं आणि मग लाल, एक तर वांग्याच्या सालीसारखं. माझ्या डोक्यात रक्त चढलं.

"चाचा! कावून केलंत असं?"

चाचा ओले हात पुसत म्हणाले, "शेट, लाल तर समदीच हायेत. पर हरेक लाल अलग हाय."

"आणि हा इथं काय करतोय?"

मास्तर खाली बसून एका पागोट्याच्या पदराकडे बघत होता. वरही न बघता म्हणाला, "शेट, हे इथं बघा. इथं रंगाने स्वतःच वळण घेतलंय."

मी त्याला काय वळण लावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जमीनदाराने गठ्ठा सोडला, दोन पागोटी हातात धरली आणि गठ्ठा पायाने माझ्याकडे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा माझा शब्द पडला, आणि तो पाडला एका नकाशेवाल्याने.

दोन दिवसांनी हाच मास्तर दुकानात आला. त्याला ती सगळी पागोटी विकत हवी होती. मी मनात म्हटलं, सापडला. चांगल्या मालाच्याही वरचा भाव सांगितला, म्हणजे भांडत भांडत खाली उतरायला जागा राहील. त्याने खिशातून सगळा पगार काढला आणि गादीवर ठेवला. भांडला नाही, उठला नाही, हुं की चूं केलं नाही. असा अपमान माझा कोणी केला नव्हता. महिनाभर तो चाचांच्या घरची भाकरी खात होता, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

पागोटी कशाला हवी होती ते लवकरच कळलं. मास्तरने धर्मशाळेत नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, मांडली. दारावर खडूने मराठीत आणि उर्दूत लिहिलं होतं: आमच्या हातून झालं, पण आम्ही केलं नाही. आत काय, तर कुंभाराचा, आव्यात भाजताना एका अंगाला बसलेला रांजण. वाळताना वाकडी झालेली, पाणी न्यायची कातड्याची छागल. काळी लोकर संपली म्हणून मध्येच पांढऱ्या लोकरीने विणलेलं घोंगडं. मास्तरचे शाईचे कागद. जी जी वस्तू शहाण्या माणसाने पाठीमागच्या उकिरड्यावर टाकली असती, ती ती इथं पाटावर बसली होती, आणि ती करणारे कारागीर तिच्या शेजारी आपापली पागोटी बांधून नवरदेवासारखे बसले होते.

मी मुद्दाम टिंगल करायला गेलो. कुंभाराला विचारलं, "नाना, यात पाणी राहतं का?"

"राहतं की," नाना म्हणाला. "झोपून राहतं."

लोक हसले, ते माझ्याकडे बघून. पण हसून झाल्यावरही कोणी जात नव्हतं. मास्तरने माझी पागोटी, म्हणजे त्याची पागोटी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिकटापासून गडदापर्यंत ओळीने टांगली होती. दारातून वारा आला की ती एकेक करून हलायची. लोक खालून चालत जायचे आणि दुसऱ्या टोकाला पोचले की पुन्हा मागे यायचे. रिकामटेकडं गाव, दुसरं काय.

तेवढ्यात तहसीलदारांबरोबर तोच जमीनदार आत आला. तोही त्या दोरीखालून चालत गेला. मागे आला. मग मला म्हणाला, "शेट, ही तीच का बे? जी मी लाथाडली?"

"तीच."

"दे मला. वरातीत एका मागं एक अशीच चालवतो माणसं. लई झाक दिसंल."

माझा पडलेला शब्द माझ्यासमोर उभा राहत होता. मी मास्तरला कोपऱ्यात घेतलं. दिलेले पैसे परत, वर तेवढेच. त्याने छताकडे बघितलं. वर आणखी तेवढेच. त्याने बोटांकडे बघितलं. मी वाट बघत होतो त्या एका शब्दाची. 'बघू' म्हणाला की मी त्याला गुंडाळणार होतो. ज्याचं ठरलेलं नसतं, त्याचं मीच ठरवतो.

मास्तर म्हणाला, "नाही."

"कावून?"

"ते उद्या म्हणतील, अशीच आणखी द्या. तुम्ही चाचांच्या मागे लागाल. हे पुन्हा होत नाही, शेट."

"होत कसं नाही? तेच कापड, तीच विहीर, तेच चाचा!"

"मग करा," मास्तर म्हणाला.

मी केलं. जमीनदाराला सांगितलं, लग्नाआधी हुबेहूब तशीच देतो. नवं कापड चाचांच्या पुढ्यात टाकलं. खारं पाणी, कमी वेळ, जास्त वेळ, चिंच कमी, चिंच जास्त, सगळं माझ्या डोळ्यांसमोर करून घेतलं. चाचा घामाघूम झाले. संध्याकाळी दोरीवर बघतो तर सगळी पागोटी एकाच लाल रंगाची. सूतभर फरक नाही. आधी मागितला होता, तो रंग! चाचांनी कपाळाला हात लावला, मग ते हसायला लागले, आणि हसता हसता खाली बसले.

जमीनदार म्हणाला, "ही एकसारखी कावून केली? असली तर नगरात बी मिळतात." आणि त्याने नगरातून आणली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मास्तरची बदली झाली. बैलगाडी निघाली तेव्हा मी कमरेला पैशांचा कसा लावून वेशीपर्यंत गेलो. निरोप द्यायला नव्हे. गाडीत त्याची पेटी होती, आणि पेटीवर ते पागोट्यांचं गाठोडं.

"मास्तर, राहणार कुठं तिकडं?"

"बघू."

"गाठोड्याचं काय?"

"नाही," असं म्हणून त्याने बैलांकडे तोंड फिरवलं. चाचा रडत होते. मी नव्हतो.

पुढे दोनेक वर्षांनी मी युसूफ वडगावच्या बाजारात बसलो होतो. समोर एक गाडीवान बैलाला पाणी पाजत होता, आणि त्याच्या डोक्यावर माझं पागोटं होतं. अर्धं पिवळं आणि मग लाल, ते. धुऊन धुऊन पिवळं विरलं होतं आणि लालात आता डाळिंबाच्या दाण्यासारखा काहीतरी रंग आला होता, जो चाचांच्या अंगणात नव्हताच. विचारलं तेव्हा कळलं, मास्तरने वाटेत भेटेल त्याला एकेक देऊन टाकलं होतं. याला, कारण याने चाक चिखलातून काढलं. दुसऱ्याला, कारण त्याने रस्ता चुकवला. फुकट! माझ्याकडून पगार ओतून घेतलेला माल, फुकट!

"मला दे," मी म्हणालो.

"कावून? तुमच्या डोईला तर लई भारी पागोटं हाय की."

"तुला काय करायचंय? काय घेणार बोल."

"मी कशाला बोलू? तुमी व्यापारी. तुमीच सांगा, काय किंमत हाय ह्याची?"

मी तोंड उघडलं. कोऱ्या कापडाचा भाव मला ठाऊक होता, रंगाईचा ठाऊक होता, जुन्या कपड्याचाही ठाऊक होता. गाडीवान बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. बैलाचं पाणी पिऊन झालं, तरी माझ्या तोंडून आकडा निघेना. शेवटी तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेट," आणि गाडी जुंपून निघून गेला.

इतकी वर्षं बाजारात बसतो, पण वस्तू समोर असताना भाव सांगता आला नाही असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मास्तर आज कुठं आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या दिवसाचा हिशेब मी त्याच्याच नावावर लावला आहे, आणि तो मी त्याला माफ करणार नाही.