बाबांच्या बोटावरची शाई

काल मत देऊन आले, बोटावरच्या शाईचा वास नाकात गेला आणि किहीमचं आमचं मागीलदार आठवलं.

बासष्ट सालची निवडणूक. आजोबांचं काही खरं नव्हतं, म्हणून मुंबईला गिरणीत असलेल्या बाबांना तार केली होती. बाबा पोचले संध्याकाळी; आजोबा दुपारीच गेले. बाबा त्यांच्या मिटल्या ओठांवर पाणी सोडत असताना आजीला बाबांच्या बोटावरची शाई दिसली.

"आधी मत टाकलंस व्हय रे? त्याच्यापायी सकालची लाँच सोडलीस?"

बाबा मागीलदारी बसून राखेने, काथ्याने रक्त येईपर्यंत बोट घासत राहिले. मला वाटलं, बोट खराब केलं म्हणून आजी रागावली.

तिकडे मुंबईत बाबांचा उमेदवार भरघोस मतांनी निवडून आला. बाबांनी पुन्हा कधीच मत दिलं नाही.