गव्हाची बाटली आणि अक्काचे उपास

मी गाव सोडलं त्या सकाळी अक्का फाट्यापर्यंत आली होती. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. एसटी फाट्यावर थांबायची, तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. माझी पत्र्याची पेटी अक्काच्या डोक्यावर होती. मी म्हणतोय दे इकडे, ती देत नाही. गाडीचा धुरळा दिसला तेव्हा तिने पेटी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "जे काम भेटी ते कर. पन बाटलीले हात लावू नको."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दोनच वर्षांपूर्वी अक्काचा नवरा दारूने गेला होता. नाल्याला भट्ट्या लागायच्या, मोहाची गाळायचे. भाऊजी माणूस चांगला, बैलाशीसुद्धा हळू बोलायचे. पण पेला कुणीही पुढे करायचं आणि ते घ्यायचे. शेवटी रक्त ओकून गेले. आमचे आईबाप त्याआधीच गेलेले. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, मला तिनेच वाढवलं. चौथीपर्यंत शाळेत तिनेच घातलं. पाचवीला मी गेलो नाही. हट्ट माझा तेव्हापासूनचा आहे, आणि तो मोडायला अजून कुणी जन्माला आलेलं नाही. म्हणून या लिहिण्यात चुका असतील तर असू द्या. गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना मी काय म्हणतो ते कळल्याशी मतलब.

चोपड्यावरून जळगावात उतरलो. आधी जिनिंगमध्ये कापसाचे पोत्यासारखे मोठे बोद उचलले. ती तुसं नाकात जायची, खोकला सुटायचा. मग बर्फाच्या कारखान्यात लागलो. जळगावचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, डांबर चपलेला चिकटतं. त्या उन्हात मी दिवसभर बर्फाच्या लाद्यांमध्ये. गावाकडचे म्हणायचे, नशीब काढलं गड्याने. खरंच काढलं होतं. त्या कारखान्याचे उपकार मी विसरणार नाही, कारण तिथूनच लाद्या घेऊन मी एका बिअरच्या दुकानात जायला लागलो. दुकानाचे मोठे शेठ रोज बघायचे, की हा माणूस लादी फोडतो तर चुरा वाया जात नाही, आणि बाटल्या लावतो तर एक फुटत नाही. एक दिवस म्हणाले, "इथेच राहा."

राहिलो. त्याला तीस वर्षं होऊन गेली. मी स्वतःला सांगितलं, आपण पिणार नाही म्हणजे अक्काला दिलेला शब्द पाळला. आणि तो मी पाळला आहे. आजवर थेंब जिभेवर घेतलेला नाही. पण अक्काच्या कानावर बातमी गेली आणि तिने तिचा निकाल लावला. ती मला बोलली नाही, भांडली नाही. जळगावला यायची, पोरांच्या लग्नांना आली, माझी बायको सुभद्रा आजारी पडली तेव्हा आली. मेहरूणच्या आमच्या घरात बसायची, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायची. सुभद्राने ताट आणलं की म्हणायची, "आज मना उपास शे." पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. तीस वर्षांत अक्काने माझ्या दारात जितके उपास केले तितके देवाच्या दारातही केले नसतील. सुभद्रा दर वेळी ताट वाढायची, दर वेळी झाकून ठेवायची. मी म्हणायचो, कशाला वाढतेस? ती म्हणायची, "तुम्ही तुमचा हट्ट करा, मी माझा करते."

आता दुकानाचं सांगतो. पूर्वी गिऱ्हाईक आलं की एकच विचारायचं, "थंड आहे का?" मी हाताची पालथी बाजू बाटलीला लावायचो आणि सांगायचो, आहे की नाही. फ्रीज आले तरी मी हातच लावतो, फ्रीजचा काटा खोटं बोलतो. मग बाटली पेपरात गुंडाळायची, काळ्या पिशवीत घालायची. गिऱ्हाईक इकडेतिकडे बघून निघायचं, जसं काही चोरीचा माल. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक असायचं काळ्या पिशवीत काय आहे. शरम मात्र पिशवीतच राहायची. आणि माल तपासायची माझी रीत अशी, की बाटली ट्यूबलाइटसमोर धरायची. आरपार सोन्यासारखी दिसली तर चांगली. गढूळ दिसली, तळाशी काही बसलेलं दिसलं, तर खराब. ती बाजूला. या परीक्षेत मी कधी नापास झालो नव्हतो. शाळेतल्या परीक्षांचं विचारू नका.

मोठे शेठ गेले. धाकटे शेठ पुण्याला शिकून आलेले. त्यांनी दुकानात काचेचे दरवाजे असलेला नवा फ्रीज आणला आणि त्यात क्राफ्टच्या बाटल्या ठेवल्या. क्राफ्ट म्हणजे लहान कारखान्यात थोडी थोडी करतात ती. म्हणाले, पुण्यात तर हॉटेलातच मोठमोठ्या टाक्यांत बनवतात आणि नळातून ग्लासात देतात. लेबलांवर चित्रं अशी, की लहान पोराला खेळायला द्यावीत. कशात आंबा, कशात संत्र्याची साल, कशात कॉफी. मी म्हणालो, शेठ, हे जळगाव आहे, इथे स्ट्राँग चालते. पण नवं गिऱ्हाईक यायला लागलं. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांची नोकरी घरात बसून करणारी पोरंपोरी. ती "थंड आहे का" विचारत नाहीत, "नवीन काय आलंय आबा?" विचारतात. लेबल वाचतात, स्कॅनरवर पैसे देतात आणि पेपर न गुंडाळता बाटली हातात घेऊन जातात. मला ते आधी आवडलं नव्हतं. आता आवडतं.

मागच्या उन्हाळ्यात अक्का मोतीबिंदूच्या तपासणीला जळगावला आली. दवाखाना आमच्या दुकानापासून जवळ. सकाळचं गिऱ्हाईक उरकून मी तिला घेऊन गेलो. डोळ्यांत औषध घातलं, तिला काही तास नीट दिसेना. डॉक्टर म्हणाले उन्हात नेऊ नका. घरी न्यायचं तर ऊन, दवाखान्यात बसायला जागा नाही. मी तिचा हात धरला आणि दुकानात आणलं. कुठे आलोय ते तिला उंबऱ्यावरच कळलं.

"बस अक्का, पंख्याखाली." मी एक भरलेलं खोकं पुढे सरकवलं.

"त्या खोकावर मी नही बसस."

मग शेठची खुर्ची आणली. तिच्यावर ती अंग आखडून बसली, पदर नाकाशी धरून. जणू आम्ही आत काही जाळत होतो.

दुपारी आमचं एक रोजचं गिऱ्हाईक आलं. शिक्षक होता तो, आता नाही. हात थरथरत होते. सकाळी दोन नेल्या होत्या, आता तिसरी मागायला आला.

"नाही मिळणार," मी म्हणालो. "तुमच्यासाठी दुकान बंद."

"पैसे देतोय ना?"

"शेजारच्या पोळीभाजीवाल्याला द्या. जेवा आणि झोपा."

तो तापला. "म्हाताऱ्या, दुकान काय तुझ्या बापाचं आहे?"

"बापाचं असतं तर सकाळच्या दोन पण दिल्या नसत्या."

शिव्या देत गेला. मी त्याला पाठमोरं बघितलं, तो पोळीभाजीवाल्याकडे वळला नाही. असं रोज होतं, रोज जमत नाही. मोठे शेठ असताना त्यांनी एकदाच मला विचारलं होतं, गिऱ्हाईक का तोडतो? मी म्हणालो, मला काढून टाका. त्यांनी काढलं नाही, आणि पुन्हा विचारलंही नाही. त्या माणसाचे माझ्यावर केवढे उपकार आहेत ते मला त्याच्या माघारी कळतंय. खुर्चीत अक्का बसली होती. डोळे मिटलेले, कान उघडे.

थोड्या वेळाने मेहरूणचीच एक पोरगी आली. कंपनीचं काम घरून करणारी, नेहमीची. म्हणाली, "आबा, शेठ म्हणाले गव्हाची आली आहे. दोन द्या."

"ती देणार नाही. माल खराब आलाय. सगळ्या गढूळ, तळाशी गाळ. सकाळी सहा मोरीत ओतल्या, बाकीच्या परत जाणार."

पोरगी डोळे मोठे करून बघायला लागली. "ओतल्या? आबा, ती तशीच असते! गव्हाची बिअर गढूळच असते."

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी बाटल्या बघतोय."

"बघताय. चाखली का कधी?"

"मी पीत नाही."

"मग बघूनच ठरवलं होय!"

आता मला काही कमी राग आला नाही. मी म्हणालो, थांब, वासावरूनच दाखवतो तुला. एक बाटली घेतली आणि फोडलं झाकण. फेस आला, वास सुटला. खरं सांगतो, वास खराब नव्हता, पण ते मी कबूल करणार नव्हतो. तेवढ्यात मागून खुर्चीतून आवाज आला.

"कसाना वास शे रे हाऊ?"

अक्काने पदर नाकावरून काढला होता. हवेत नाक वर करून बसली होती. "कुरडयास्ना गहूना वास शे हाऊ. तीन दिन भिजेल गहू."

पोरगी हसत तिच्याजवळ गेली. "बरोबर आजी. गहूच आहे. भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, मग उकळून आंबवतात. तळाशी जे बसतं ते त्या आंबवण्याचंच."

अक्काने हात पुढे केला. मी बाटली तिच्या हातात दिली. माझ्या हातातून अक्काच्या हातात बिअरची बाटली, हे बघायला गावातलं कुणी हवं होतं. तिने वास घेतला, बोटाने बाटलीचा तळ चाचपला आणि माझ्याकडे तोंड केलं. दिसत नव्हतं तरी बरोबर माझ्याकडे.

"अन् तू चीक फेकी दिन्हा? अन्न शे ते, बावळा! कुरडयास्ना चीक तळालेच बसस. लहानपनी तीन तीन खाटा वाळाले टाकस तव्हय राखन कोन बसे?"

मीच बसायचो. गहू भिजायचा, रोज पाणी बदलायचं, घरभर तो आंबूस वास. मग वाटायचा, गाळायचा, रात्रभर ठेवला की वर निवळ पाणी आणि तळाशी घट्ट चीक. पाणी ओतून द्यायचं, चीक ठेवायचा. हे मला चार वर्षांचा असल्यापासून माहीत होतं, आणि तीस वर्षं ट्यूबलाइटसमोर उभा राहून मी उलटं करत होतो. पोरगी हसता हसता खाली बसली. दारूला शिवी दिल्याशिवाय जेवायला न बसणारी माझी बहीण, बिअर ओतून दिली म्हणून मला रागवत होती. मग तिच्याच ते लक्षात आलं. तिने बाटली माझ्याकडे सरकवली आणि हात पदराला पुसले.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत मी धाकट्या शेठना फोन केला आणि सांगितलं, चूक माझी झाली. हे वाक्य मी फार कमी वेळा बोललो आहे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आबा, आता गव्हाचं गिऱ्हाइकाला तुम्हीच समजावून सांगायचं." तेव्हापासून सांगतोय. बाटली हळूच आडवी फिरवा, तळाचं वर येऊ द्या, मग ओता. शिकलेला, अडाणी, कुणीही असो, ऐकून घेतो.

रिक्षाने आम्ही घरी निघालो. मेहरूणच्या तलावाकडून जरा गार वारा आला. अक्काने वाऱ्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, "तो मानूस जेवना का?"

"कोण?"

"जेले तू नही दिन्ही."

"नाही जेवला."

"सकायना दोन तूच दिन्ह्यात ना?"

"हो. मीच दिल्या."

मी खोटं बोलू शकलो असतो. नाही बोललो. रिक्षा वळली. घर दिसायला लागलं तेव्हा अक्का म्हणाली, "त्यास्ले नही म्हननारं कोनी भेटनंच नही." नवऱ्याचं नाव ती कधी घेत नाही. त्यास्ले म्हणजे भाऊजी.

माझा धंदा तिने चांगला म्हटला नाही. आजही म्हणत नाही. मीही तिला पटवायला गेलो नाही, दोघं एकाच हट्टाच्या घरातले. पण मी तुम्हाला सांगतो, ज्या गावाने मला वाढवलं आणि ज्या शहराने मला पोसलं, ती दोन्ही मला त्या संध्याकाळपर्यंत वेगवेगळी वाटायची. गावाला गेलो की मी दुकान लपवायचो, दुकानात असलो की गाव. घर दोन्हीकडे अर्धं होतं. जळगावने मला काम दिलं, थंडावा दिला, सुभद्रा दिली, पोरं शिकवली, या सगळ्याचे उपकार मोजले तर मी भाग्यवान माणूस आहे. तरी ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट बघितलं की वाटायचं, इथे आपण अजून पाहुणेच.

उंबरा ओलांडून अक्का भिंत चाचपत आत गेली आणि पाटावर बसली. सुभद्रा सवयीने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवायला लागली. अक्का म्हणाली, "भूक लागनी माले. वाढ."

सुभद्राने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही, भिंतीकडे बघत राहिलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, गिलक्याची भाजी, वर कच्चा कांदा. अक्काने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, हळूहळू चावला. आम्ही दोघं उभे. तीस वर्षांनी तिच्या पोटात माझ्या घरचा पहिला घास गेला आणि ती म्हणाली, "मीठ कमी शे."

मीठ बरोबर होतं. आजही सांगतो, बरोबर होतं. पण मी जाऊन मिठाची बरणी आणली.